मंजूर झालेला पैसा अडतो कुठे? शासनाकडे पडून असलेली रक्कम शोधण्याची आणि मागण्याची पद्धत

मागच्या रब्बीत हरभऱ्यावरील मर रोग पाहायला एका गावात गेलो होतो. शेत एका ताईंचे. पीक पाहून झाले, पुढच्या वर्षी बीजप्रक्रिया आणि फेरपालट कसा करायचा तेही सांगून झाले. निघताना त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. त्यावर अतिवृष्टी मदतीचा विशिष्ट क्रमांक होता आणि शेजारी सासऱ्यांचे नाव. "साहेब, यादीत नाव आलंय म्हणतात. पण मामंजी जाऊन सहा वर्षं झाली, आमचे मालक जाऊन चार. पैसे येणार कुणाला?"

त्या दिवशी मला पूर्ण उत्तर देता आले नाही. पुढचे काही आठवडे तहसील, सेतू केंद्र आणि बँक अशी विचारपूस केली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. असे पैसे बहुधा "सरकारने दिले नाहीत" म्हणून अडलेले नसतात. ते मंजूर झालेले असतात, कधी वर्गही झालेले असतात, पण मधल्या एखाद्या टप्प्यावर थांबलेले असतात. तो टप्पा ओळखला की अर्धे काम होते. ओळखला नाही तर माणूस वर्षभर चुकीच्या टेबलापुढे उभा राहतो.

आजच्या लेखात तेच पाहू. राज्य शासनाकडे शेतकऱ्यांच्या नावाचा पैसा कुठे कुठे पडून राहतो, तो कसा शोधायचा, कोणत्या कागदाने सोडवायचा आणि कोणत्या बाबतीत उशीर केला तर हक्कच जातो.

हा विषय आत्ताच का?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागातील खरीप वाहून गेला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे जिरायत पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकांना १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असा मदतीचा दर होता. त्याशिवाय बियाणे व इतर निविष्ठांसाठी हेक्टरी १०,००० रुपये आणि दोनऐवजी तीन हेक्टरची मर्यादा जाहीर झाली.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने "आपकी पूंजी, आपका अधिकार" ही मोहीम सुरू केली. बँकेतील विसरलेल्या ठेवी, विम्याच्या रकमा, शेअर, म्युच्युअल फंड यांचे खरे मालक किंवा वारस शोधून पैसे परत करायचे, हा तिचा उद्देश. दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात आणि २०२३ पासून "उद्गम" या संकेतस्थळावर त्या नावाने शोधता येतात. ही चांगली सोय आहे. घरात जुने पासबुक असेल तर जरूर पाहा.

पण नीट लक्षात घ्या. त्या मोहिमेत आणि त्या संकेतस्थळावर बँका आणि वित्तसंस्थांकडचा पैसा आहे. महसूल विभागाकडे अडलेली मदत, भूसंपादनाचा न उचललेला मोबदला, न मिळालेला योजनेचा हप्ता यातले काहीही तिथे दिसणार नाही. शेतकऱ्याचा अडकलेला पैसा बहुतेक वेळा नेमका याच दुसऱ्या प्रकारात असतो.

ताईंचाच हिशेब करू. त्यांचे क्षेत्र १.२० हेक्टर, सगळे जिरायत. पूर्ण क्षेत्र बाधित धरले तर ८,५०० च्या दराने १०,२०० रुपये आणि निविष्ठांचे १२,००० रुपये, असे एकूण २२,२०० रुपये. डीएपीच्या १,३५० रुपये दराने सोळा गोण्या. खरिपाच्या तोंडावर हे पैसे हातात असणे आणि नसणे यात उधारीवर खत घेण्याचा फरक पडतो.

पहिला प्रकार: यादीत आहे, खात्यात नाही

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचा प्रवास असा होतो. पंचनामा झाल्यावर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, बाधित खातेदारांची माहिती भरतात. तहसील कार्यालयातून यादी संगणक प्रणालीवर जाते. प्रत्येक खातेदाराला विशिष्ट क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण होते आणि मग रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जाते. २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीशिवाय थेट मदत देण्याची सवलत शासनाने दिली. त्यामुळे बऱ्याच जणांचे काम सोपे झाले. मागे राहिले ते मयत खातेदारांचे वारस, सामाईक खातेदार आणि ओळख क्रमांक न काढलेले शेतकरी.

या प्रवासात पैसे थांबण्याच्या जागा सहा.

१. नावातील तफावत. सातबाऱ्यावर "रामराव", आधारवर "रामचंद्र". वडिलांचे नाव किंवा आडनाव वेगळे. उपाय: चूक सातबाऱ्यात असेल तर तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज, आधारमध्ये असेल तर आधार केंद्र. दोन्हींपैकी कोणते बदलायचे ते आधी ठरवा. घाईने दोन्हीकडे अर्ज केला तर दोन्ही बदलतात आणि तफावत तशीच राहते.

२. प्रमाणीकरण राहिलेले. विशिष्ट क्रमांक आलेला असतो, पण शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेला नसतो. यादी तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत पाहायला मिळते. क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जा आणि पावती मागून घ्या. याच क्रमांकावर रकमेची सद्यस्थितीही पाहता येते. शेतात राबून बोटांचे ठसे पुसट झालेल्या वयस्क शेतकऱ्यांनी आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे.

३. पैसे दुसऱ्याच खात्यात. हे फार वेळा होते. आधारशी जोडलेली खाती अनेक असू शकतात, पण थेट लाभ जमा होण्यासाठी त्यातले एकच नोंदलेले असते. साधारणपणे ज्या खात्यासाठी तुम्ही शेवटची संमती दिली तेच. बचत गटासाठी, गॅससाठी किंवा मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कधीतरी काढलेल्या खात्यात पैसे जाऊन पडलेले असतात आणि आपण जिल्हा बँकेचे पासबुक भरून पाहत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्थिती" पाहिली की बँकेचे नाव कळते. मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. मदतीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

४. खाते बंद. नोंदलेले खाते बंद किंवा गोठलेले असेल तर रक्कम परत जाते. अशा वेळी बँकेत जाऊन खाते सुरू करणे किंवा दुसऱ्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज देणे एवढे पुरेसे नाही. त्यानंतर तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेला लेखी कळवा की खाते दुरुस्त झाले आहे, रक्कम पुन्हा पाठवावी. हा दुसरा कागद बहुतेक लोक देत नाहीत.

५. सातबाऱ्यावर मयत खातेदार. ताईंचे प्रकरण हेच. मयत व्यक्तीचे आधार प्रमाणीकरण होऊ शकत नाही, त्यामुळे रक्कम मंजूर होऊनही पुढे सरकत नाही. उपाय एकच, वारस नोंद. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिले आहे.

६. पैसे आले, पण बँकेने अडवले. थकीत पीककर्ज असेल तर खात्यावर "होल्ड" लागतो. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, असा आदेश मदतीच्या शासन निर्णयांमध्ये दिलेला असतो. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकाला अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. तोंडी भांडण्यापेक्षा या दोन कागदांनी काम लवकर होते.

वारस नोंद: सगळ्या कुलपांची एक किल्ली

२०२५ मध्ये शासनाने "जिवंत सातबारा" मोहीम राबवली. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावायची, हा तिचा उद्देश. मोहिमेत तुमचे राहिले असेल तर काळजी नको, वारस नोंद केव्हाही करता येते. जमीन महसूल संहितेनुसार मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क जात नाही.

लागणारे कागद: मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वय व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, वारसांचे आधार, सातबारा आणि आठ-अ. अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

इथे दोन चुका टाळा. पहिली, बहिणींची नावे वगळू नका. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव लपवून केलेली नोंद पुढे हरकतीत अडकते आणि तिच्यासोबत पैसाही अडकतो. दुसरी, दोन पिढ्यांचे मृत्यू असतील तर दोन्ही नोंदी क्रमाने कराव्या लागतात. ताईंना आधी सासऱ्यांचे वारस, मग पतीचे वारस असे दोन टप्पे करावे लागले. त्यांच्याकडे फक्त पतीचा मृत्यूदाखला होता, सासऱ्यांचा ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीतून काढावा लागला.

सामाईक क्षेत्रात मदत एकाच्या खात्यात घ्यायची असेल तर बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र लागते. ही संमती फक्त त्या मदतीपुरती आहे, जमिनीच्या हिश्शाशी तिचा संबंध नाही, असे त्यातच स्पष्ट लिहा. मग भाऊ-बहिणी सही करायला कचरत नाहीत.

दुसरा प्रकार: भूसंपादनाचा न उचललेला मोबदला

इथे रकमा मोठ्या असतात आणि वर्षेही जास्त जातात. धरण, पाझर तलाव, कालवा, रस्ता यासाठी जमीन गेली, निवाडा झाला, पण मोबदला कुणी उचलला नाही. कारणे ठरलेली आहेत. वाटणीचा वाद, मूळ मालक मयत, नोटीस जुन्या पत्त्यावर, किंवा "रक्कम कमी आहे, घेतली तर हक्क जाईल" ही भीती.

ही भीती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहे. रक्कम "हक्क राखून", म्हणजे लोक ज्याला अंडर प्रोटेस्ट म्हणतात तशी लेखी नोंद करून घेतली, तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क शाबूत राहतो. तशी नोंद न करता मुकाट्याने घेतली तर तो जातो. एका ओळीचा फरक आहे.

कुणीच न घेतलेली किंवा वादातली रक्कम भूसंपादन अधिकारी न्यायालयात किंवा प्राधिकरणाकडे जमा करतात. राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात हिश्शाचा वाद जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयाकडे जातो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ताबा घेऊनही रक्कम दिली किंवा जमा केली नाही, तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज आहे. परंतु रक्कम एकदा जमा झाली की हे व्याज थांबते. म्हणजे जमा झाल्याच्या दिवसापासून उशिराचा तोटा तुमचा.

माझ्या घरचाच अनुभव सांगतो. पाझर तलावात आमची थोडी जमीन गेली. वडील आणि चुलत्यांचा हिश्शावरून वाद होता, म्हणून रक्कम न्यायालयात जमा झाली. दोघेही हट्टी. अकरा वर्षांनी तडजोड झाली आणि पैसे मिळाले. ती रक्कम मधल्या काळात मुदत ठेवीत ठेवावी अशी विनंती न्यायालयाला करता येते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. अकरा वर्षांनी मुद्दल तेवढेच होते. त्या काळात रासायनिक खताच्या गोणीचा भाव किती वाढला हे मी सांगायला नको. वाद असेल तरी तो चालू राहू द्या, पण पैसा मुदत ठेवीत ठेवण्याचा अर्ज पहिल्या तारखेलाच द्या.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. सरकारी कोषागारातील ठेवींना सर्वसाधारण नियम असा आहे की तीन पूर्ण आर्थिक वर्षे कुणी मागणी केली नाही, तर ती ठेव व्यपगत समजून ३१ मार्चला शासनाच्या महसुलात "दावा न केलेल्या ठेवी" या शीर्षाखाली जमा होते. कार्यालयात गेल्यावर "तुमची रक्कम आता शिल्लक नाही, सरकारजमा झाली" असे उत्तर मिळते, ते यामुळे. बरेच लोक इथून परत फिरतात. पण ही हिशेबाची नोंद आहे, तुमचा हक्क संपल्याचा निकाल नव्हे. ज्या कार्यालयाने किंवा न्यायालयाने ठेव ठेवली होती, त्यांच्यामार्फत परताव्याचा प्रस्ताव महालेखापाल कार्यालयाकडे जातो आणि मंजुरीनंतर रक्कम मिळते. त्यासाठी निवाड्याचा क्रमांक, जमा केल्याची तारीख, चलन किंवा दाव्याचा क्रमांक आणि वारस असाल तर वारसाचा पुरावा लागतो. न्यायालयातील रकमेसाठी वारस दाखला किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. हे काम वकिलामार्फतच करावे.

तिसरा प्रकार: मागितलाच नाही, म्हणून मिळाला नाही

पीएम-किसानचे हप्ते एखाद्या त्रुटीमुळे थांबले असतील आणि तुम्ही मुळात अपात्र नसाल, तर त्रुटी दूर झाल्यावर राहिलेले हप्तेही देय आहेत. केवळ पुढचा हप्ता सुरू झाला म्हणून समाधान मानू नका. मागचे किती थांबले होते ते मोजा आणि तालुक्याच्या कार्यालयात लेखी विचारा. चौकशीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीची यादी पीएम-किसानवरच आधारलेली असल्याने तिथली त्रुटी इथेही अडवते. लाभार्थी मयत असेल तर त्याच्या नावाचे हप्ते चालू ठेवू नका, नंतर वसुली येते. वारसाने नवीन नोंदणी करावी.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये आहेत. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, विहिरीत बुडणे, रस्ता अपघात यांचा त्यात समावेश आहे. खातेदार नसलेला कुटुंबातील एक सदस्यही त्यात बसतो, वय १० ते ७५. एप्रिल २०२३ पासून ही योजना विमा कंपनीमार्फत न चालता शासनाच्या अनुदानातून चालते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो. दुःखात असलेल्या घराला या मुदतीची आठवण कोण करून देणार? कृषी विभागाच्या गावपातळीवरील अधिकाऱ्याने आणि शेजाऱ्यानेच ती करून द्यायला हवी.

पीकविम्याचा पैसा मात्र शासनाकडे नसतो, तो विमा कंपनीकडून येतो. त्यासाठी तहसीलमध्ये हेलपाटे घालू नका. १४४४७ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

कुठे घाई करायची, कुठे धीर धरायचा

- अपघात अनुदान: ३० दिवस. आधी अर्ज द्या, कमी पडलेले कागद मागाहून.
- भूसंपादनाचा निवाडा मान्य नाही: निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते.
- शेजाऱ्याला वाढीव मोबदला मिळाला: त्याच अधिसूचनेत तुमची जमीन असेल आणि तुम्ही दावा केला नसेल, तरी त्याच्या निकालापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तुम्हालाही फेरनिश्चिती मागता येते. जुन्या कायद्यात हे कलम २८-अ होते, २०१३ च्या कायद्यात कलम ७३ आहे. ही संधी गेली की गेली. गावात एकाचाही निकाल लागला तर त्याच आठवड्यात सर्वांनी बसून बोला.
- वारस नोंद, व्यपगत ठेव: हक्क जात नाही, पण पुरावे जातात. साक्षीदार म्हातारे होतात, नोंदवह्या जीर्ण होतात.

उत्तर मिळत नसेल तर

"वरून आले नाही" हे उत्तर तोंडी असते, म्हणून ते संपत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो, म्हणून थेट विचारा. नमुना असा:

"मौजे ____, गट क्रमांक ____, खातेदार ____. ____ या महिन्यातील अतिवृष्टीच्या मदतीबाबत पुढील माहिती मिळावी. १) मंजूर रक्कम, विशिष्ट क्रमांक व यादी प्रणालीवर भरल्याची तारीख. २) रक्कम वितरित झाली असल्यास तारीख व बँकेचे नाव. ३) वितरित झाली नसल्यास नोंदवलेले कारण. ४) रक्कम परत आली असल्यास ती सध्या कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे."

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण कळले की वरच्या सहा जागांपैकी तुमची कोणती ते समजते. भूसंपादनासाठी हाच अर्ज उपविभागीय किंवा विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांकडे करा आणि निवाडा क्रमांक, जमा रक्कम, जमा तारीख व न्यायालयाचे नाव विचारा.

शोधण्याची जबाबदारी कोणाची?

आता थोडे स्पष्ट बोलू. आज शेतकऱ्याने आपला पैसा शोधायचा तर महसूल, कृषी, सहकार, कोषागार आणि न्यायालय अशा पाच दारांवर जावे लागते. प्रत्येकाकडे आपापली यादी आहे, पण एका दाराची यादी दुसऱ्याला दिसत नाही. कर्जमुक्ती आणि ५० हजारांच्या प्रोत्साहन योजनेतही केवळ आधार प्रमाणीकरणाअभावी लाभ राहिलेले शेतकरी होते, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये पुन्हा मुदत द्यावी लागली. म्हणजे पैसा होता, नाव होते, दुवा नव्हता.

बँकांच्या ठेवी नावाने शोधता येतात, तर राज्याकडच्या रकमा का नाहीत? अमेरिकेतील राज्ये असा बेवारस पैसा एका कार्यालयाकडे ठेवतात आणि नागरिक नावाने विनाशुल्क शोध घेतात. आपल्याकडे शेतकरी ओळख क्रमांक आला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो बंधनकारकही झाला आहे. शासनाला देताना जो क्रमांक चालतो, तोच क्रमांक टाकून "माझे काय अडले आहे आणि का" हे शेतकऱ्यालाही दिसले पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही.

तोपर्यंत गावपातळीवर एक गोष्ट आजही करता येते. २०१७ च्या कर्जमाफीत याद्यांच्या चावडी वाचनाची चर्चा गावोगावी झाली होती. तसेच २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत "मदत मंजूर, पण वितरित नाही" अशा खातेदारांची नावे आणि कारणे वाचून दाखवावीत. आधार व खाते क्रमांक वाचायचे नाहीत, फक्त नाव आणि कारण. ग्रामपंचायतीने ठराव करून तहसीलकडे यादी मागावी. कृषी विभागातील मित्रांनो, शेतीशाळेला जमलेल्या शेतकऱ्यांना शेवटची दहा मिनिटे एवढेच विचारा: सातबारा कुणाच्या नावावर, आधार कोणत्या बँकेला, ओळख क्रमांक निघाला का, कोणती रक्कम आली नाही. चार रकाने भरले की कोणाला कोणत्या दारात पाठवायचे ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

सावध राहा

अडलेल्या पैशाभोवती दलाल जमतात. "वीस टक्के द्या, महिन्यात काढून देतो" असे म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही, मूळ सातबारा किंवा धनादेश देऊ नका. वर सांगितलेल्या कामांपैकी न्यायालयातील रक्कम सोडली तर कशालाच मध्यस्थ लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर "पीएम किसान" किंवा "नुकसानभरपाई यादी" नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका, त्यातून खाते रिकामे होते. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर कळवा, पहिले काही तास मोलाचे असतात.

ताईंचे काय झाले?

दोन्ही मृत्यूदाखले मिळाले. दोन नणंदांनी नाव लावून घेतले आणि मदतीपुरते संमतीपत्रही दिले. सासऱ्यांच्या वारसांचा फेरफार प्रमाणित झाला, त्यानंतर पतीचा. ताईंचा शेतकरी ओळख क्रमांक निघाला. तहसीलच्या यादीत नाव बदलण्याचा अर्ज पोच घेऊन दिला आहे. हे लिहीपर्यंत पैसे खात्यात आलेले नाहीत. पण सातबाऱ्यावर आता त्यांचे स्वतःचे नाव आहे, म्हणजे यापुढच्या मदतीला, पीककर्जाला किंवा योजनेला त्यांना मयत माणसाच्या नावामागे उभे राहावे लागणार नाही.

या आठवड्यात एवढे करा. सातबारा आणि आठ-अ काढा, त्यावरचे नाव आधारशी ताडून पाहा, आधार कोणत्या बँकेला जोडले आहे ते तपासा आणि घरातल्या मयत खातेदाराची वारस नोंद राहिली असेल तर अर्ज द्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि ती बियाण्याच्या पावत्यांसोबत जपून ठेवा.